किती माणसे पुरेशी? भायखळ्याच्या तुरुंगापासून चिंगलपटपर्यंत

नव्या लशीची बातमी वाचताना आपली नजर प्रथम टक्केवारीवर जाते. ती किती माणसांवरून काढली आणि तितकीच का घेतली, हा प्रश्न मागे राहतो. माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. मोजमाप अपुरे वाटले तर ते रात्रभर पुन्हा घेण्याची मुभा मला असते. वैद्यकीय चाचणीत प्रत्येक मोजमाप म्हणजे एक माणूस, आणि माणसे किती हवीत हे आधीच ठरवावे लागते. या प्रश्नाच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने आपल्याच भूमीवर लिहिली गेली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा जवळपास निम्म्या, म्हणजे सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

चौदा रुग्ण पुरेसे होते का? दोन्ही गट सारखे मानले आणि लस निरुपयोगी धरली, तर प्रत्येक रुग्ण कोणत्या गटात पडेल ही नाणेफेकच ठरते. चौदा नाणेफेकींत छापा दोनदा किंवा त्याहून कमी वेळा पडण्याच्या शक्यता १६,३८४ पैकी १०६ आहेत. म्हणजे शेकड्याला एकाहूनही कमी. न टोचलेले थोडे अधिक असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा वाढतो, तरी केवळ योगायोग म्हणून हा फरक झटकून टाकता येत नाही. दोष निराळाच होता. लस घ्यायची की नाही हे कैद्यांनी स्वतः ठरवले होते, त्यामुळे पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट असतील, ही शंका उरतेच. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला, तेथील ६४ न टोचलेल्यांपैकी २६ जण दगावले, तर ७१ टोचलेल्यांपैकी तीन. परिणाम इतका ठळक असला की थोडी माणसेही पुरतात.

परिणाम अंधूक असला म्हणजे मात्र गणित पालटते. या गणिताचा पाया येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये घातला. (सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच दशकात लंडनमध्ये या दोघांच्या सहवासात शिकत होते, त्यांनी पुढे नमुना पद्धती भारतातील पिकांच्या मोजणीसाठी राबवली.) चूक दोन प्रकारची असते: परिणाम नसताना तो आहे असे म्हणणे, आणि असताना तो न दिसणे. दोन्ही चुकांना आपण किती वाव देणार, लहानात लहान कोणता परिणाम आपल्याला मोलाचा वाटतो आणि रोग मुळात किती जणांना होतो, हे सांगितले की संख्या निघते.

यातील शेवटचा आकडा घरबसल्या मिळत नाही. बंगळूरूच्या बल्लारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. तिने १९६१ ते १९६८ या काळात बंगळूरू जिल्ह्यातील ११९ गावांची चार वेळा पाहणी केली. जंतू सापडणाऱ्या क्षयाचे नवे रुग्ण वर्षाकाठी हजारी सुमारे एक निघाले. आरंभीच्या पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत ४९ टक्के मरण पावले, १८ टक्के जंतू बाहेर टाकतच राहिले आणि ३३ टक्के बरे झाले. तेव्हा तेथे परिणामकारक क्षयनियंत्रण नव्हते. पाठ्यपुस्तकांत गेलेले हे आकडे वाचताना मी अजूनही अडखळतो.

आता हिशेब करू. हजारी एक या दराने पाच वर्षांत हजारी पाच रुग्ण होतील. लस ८० टक्के संरक्षण देत असेल, तर ते दहांपैकी नऊ वेळा सापडावे आणि नसताना वीसांत एकदाच फसगत व्हावी, यासाठी प्रत्येक गटात सुमारे ४,००० माणसे लागतात. संरक्षण ३० टक्केच असेल, तर सुमारे ४०,०००. मोजमापातील अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे अर्धा फरक दिसायला साधारण चौपट माणसे लागतात.

बीसीजीच्या बाबतीत हाच पेच होता. ब्रिटनमध्ये १९५० पासून सुमारे ५४,००० शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत जवळपास ८० टक्के संरक्षण दिसले. अमेरिकेत जॉर्जिया-अलाबामात १४ टक्के. भारताने तर १९४८ पासूनच सामूहिक लसीकरण आरंभले होते. भरवसा कोणत्या आकड्यावर ठेवायचा? म्हणून १९६८ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यातील चिंगलपट जिल्ह्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची चाचणी सुरू झाली. २,८१,१६१ लोकांना लस किंवा प्लासिबो, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, देण्यात आले. त्यांपैकी ट्युबरक्युलिन चाचणी नकारात्मक आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ असलेले १,०९,८७३ जणच मुख्य प्रश्नाचे उत्तर देऊ शकत होते, कारण उरलेल्यांपैकी बहुतेकांना संसर्ग आधीच होऊन गेला होता. तीन लाखांच्या घरातील संख्या उधळपट्टी वाटते, ती या गाळणीनंतर वाटत नाही.

साडेसात वर्षांनंतरचा निष्कर्ष होता की फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यातही प्रौढांत ते आढळले नाही. मुलांत २७ टक्के, तेवढेच. चाचणी लहान असती, तर ‘माणसे कमी पडली असतील’ या सबबीवर हा नकार बाजूला सारता आला असता. तसे करता आले नाही. लहान बालकांतील मेंदूआवरणाच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी वाचवते याचा पुरावा अन्यत्र आहे, आणि त्यासाठीच ती आजही जन्मतः दिली जाते.

अलीकडच्या चाचण्यांत मोजणीचे एकक थोडे बदलले. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात २५,७९८ जण होते. पण निकाल अवलंबून होता तो ठरवलेल्या १३० रुग्णांवर. लशीला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाल्याचे ३ जानेवारी २०२१ रोजी जाहीर झाले, तेव्हा परिणामकारकतेचा निकाल हाती नव्हता. तो त्याच वर्षी पुढे प्रसिद्ध झाला: लस घेतलेल्यांत २४ रुग्ण, प्लासिबो घेतलेल्यांत १०६.