अठरा महिन्यांचा कागद

अमेरिकेतल्या 'टीपीएस'बद्दल सध्या सारख्या बातम्या येतात. व्हेनेझुएलाचं गेलं, नेपाळचं गेलं, होंडुरासचं गेलं. आपल्याकडे अनेकांना तो एच-१बीसारखा व्हिसा वाटतो. तसं नाहीये. टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस म्हणजे एवढंच, की तुमच्या देशात युद्ध किंवा भूकंप झालाय, तुम्ही आधीच आमच्याकडे आहात, तर सध्या परत पाठवत नाही, काम करा. मुदत ६, १२ किंवा १८ महिने. मग सरकार पुन्हा बघणार.

हा कायदा आला कुठून, ते बघण्यासारखं आहे. १९८०च्या दशकात एल साल्वादोरमध्ये यादवी पेटली होती आणि तिथल्या लष्कराला पैसा अमेरिकेचा. तिथून पळून आलेल्यांचे आश्रयाचे अर्ज अमेरिका सर्रास फेटाळायची. मंजूर केले तर आपण पोसलेलं सरकारच लोकांना मारतंय, हे कबूल करावं लागलं असतं ना! मॅसॅच्युसेट्सचे खासदार जो मोकली हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरत होते, पण कोणी दाद देईना. नोव्हेंबर १९८९ मध्ये सान साल्वादोरच्या विद्यापीठात लष्कराने सहा जेसुइट धर्मगुरू, त्यांचं घर सांभाळणारी बाई आणि तिची मुलगी यांना गोळ्या घातल्या. चौकशी समितीचे प्रमुख मोकलीच झाले. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९९०ला थोरल्या बुशनी सही केली आणि टीपीएस कायदा झाला. एल साल्वादोरचं नाव थेट कायद्यातच घातलं होतं.

पण त्याच कायद्यात एक पाचर मारून ठेवली. टीपीएसवाल्यांना कायमचं राहू देणारं विधेयक सिनेटला नुसतं चर्चेला घ्यायचं म्हटलं तरी तीन-पंचमांश मतं लागतात. म्हणजे आत घेतानाच ठरलं, की कायमचं करायचं नाही.

मग व्हायचं तेच झालं. मिच वादळ आलं १९९८ मध्ये. होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना १९९९ मध्ये १८ महिने मिळाले. त्याला पुढची २५ वर्षं मुदतवाढ मिळत गेली. २००१च्या भूकंपांनंतर एल साल्वादोरला पुन्हा टीपीएस मिळालं, तेही असंच लांबत गेलं. (त्याच जानेवारीत आपल्याकडे भूज हादरलं होतं. पण नैसर्गिक आपत्तीसाठी टीपीएस हवं तर त्या देशाच्या सरकारनेच, आम्हाला आमची माणसं आत्ता परत घेणं झेपत नाही, असं अधिकृतपणे सांगावं लागतं. भारत त्या यादीत कधीच नव्हता.) या काळात लोकांनी घरं घेतली, हप्ते भरले, मुलं झाली. मुलं जन्माने अमेरिकन नागरिक, आईबाप दर १८ महिन्यांनी फॉर्म आणि फी भरणारे.

उलटा किस्सा माँटसेराटचा. कॅरिबियनमधलं चिमुकलं ब्रिटिश बेट. ज्वालामुखीने राजधानी प्लिमथ राखेत गाडली, १९९७ मध्ये टीपीएस मिळालं. २००५ मध्ये ते बंद केलं. कारण काय? ज्वालामुखी शांत झाला म्हणून नव्हे, तर तो लवकर शांत होणार नाही म्हणून! संकट तात्पुरतं उरलं नाही, तेव्हा तात्पुरतं संरक्षणही नाही. शब्दाला शब्द लावला तर बरोबर, पण काय म्हणावं याला.

ट्रम्प सरकारने २०१७-१८ मध्ये एल साल्वादोर, हैती, नेपाळ वगैरेंचं टीपीएस संपवायचं ठरवलं, कोर्टाने अडवलं. बायडननी यादी वाढवली, २०२१ मध्ये व्हेनेझुएला आत आला. २०२५ मध्ये ट्रम्प परतले ते आधीच दिलेली मुदतवाढ मागे घेऊनच. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने कारण न देता त्याला वाट मोकळी करून दिली. सुमारे साडेतीन लाख माणसांचा प्रश्न, आणि आदेश दोन परिच्छेदांचा.

यातून पक्के सुटले ते लायबेरियाचे लोक. १९९१ पासून टीपीएस आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या सवलतींवर दिवस काढले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने त्यांना ग्रीन कार्डचा रस्ता दिला. तोही संरक्षण खात्याच्या खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात एक कलम घुसवून. सही ट्रम्प यांचीच.