०.३१

कोडमध्ये एखादा उघडा आकडा दिसला, की तो तिथे कोणी आणि का टाकला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असाच एक आकडा बसलाय: ०.३१. त्याच्या मागे लागलो आणि थेट १९६७ सालात जाऊन पोचलो.

विमानाच्या पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, बाउंडरी लेयर. प्रांटलने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत ही कल्पना मांडली. पंखावरून जाताना आधी दाब कमी होत जातो, म्हणजे हवेला उतार मिळतो. पुढे दाब वाढतो, म्हणजे चढण. पृष्ठभागाजवळची हवा आधीच दमलेली. चढण फार तीव्र असेल तर ती थांबते, उलटी फिरते आणि थर सुटतो. मग लिफ्ट कोसळते.

प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही, म्हणून मॉडेल. १९६७ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पीटर ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी साधं गृहीतक धरलं: थरातला ताण भोवऱ्यांच्या ऊर्जेच्या साधारण ०.३ पट. १९६८ मध्ये स्टॅनफर्डला चक्क स्पर्धा भरली. सगळ्यांना तीच प्रयोगांची आकडेवारी, करा गणित! ब्रॅडशॉची पद्धत तिथे चांगल्यांत गणली गेली.

गाजलं मात्र दुसरंच. १९७२ मध्ये इंपीरियल कॉलेजच्या जोन्स आणि लाँडर यांनी के-एप्सिलॉन मॉडेल मांडलं. गंमत म्हणजे तो पेपर उताराचा होता: हवेचा वेग फार झपाट्याने वाढला की टर्ब्युलन्स मावळतो, ते. (तिथे भोवरे मरत नाहीत, दाबाच्या जोरापुढे त्यांचं काही चालत नाही, हे १९७३ मध्ये आपल्या बंगळूरच्या आयआयएससीतल्या नरसिंह आणि श्रीनिवासन यांनी दाखवलं.) उतारावर चाललेलं मॉडेल लोकांनी चढणीवरही लावलं. तिथे ते ताण जास्त धरतं, त्यामुळे थर सुटायला हवा तिथे चिकटून राहतो. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, एरर येत नाही. पंख फक्त खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. असल्या बगचीच मला सर्वात भीती वाटते.

१९९४ मध्ये मेन्टरने आपल्या एसएसटी मॉडेलमध्ये वेसण घातली: ताण ऊर्जेच्या ०.३१ पटीवर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे ब्रॅडशॉचंच गृहीतक, २७ वर्षांनी! आणि के-एप्सिलॉन जन्मलं तेव्हा ब्रॅडशॉही इंपीरियललाच होते. फक्त विभाग वेगळा.

१९९८ मध्ये ना आणि मोईन यांनी सुटणारा थर मॉडेलशिवाय मोजून दाखवला, पण कमी रेनॉल्ड्स नंबरवर. प्रवासी विमानाच्या अख्ख्या पंखासाठी ते अजून आवाक्यात नाही. तोवर ०.३१.