बेडूक, भीमाल आणि पाऊस

दिवाळीच्या दिव्यांत पावसाची आठवण काढणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आमच्या झाडीपट्टीत दिवाळीच्या सुमारास घरात येणारे हलके धान हे आषाढातल्या पावसाचेच देणे असते. पूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जाई. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची पावसाची काळजी मात्र वाटली गेली नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग कोरडा गेला, आर्द्राही सरत आली. एका सरीवर भरवसा ठेवून टाकलेले पऱ्हे बांध्यांत पिवळे पडू लागले. एका दुपारी दाराशी गलका झाला. पाहतो तो धोंडी आलेली! काठीला कडुनिंबाचा पाला बांधलेला, पाल्यात एक बेडूक, आणि भोवती उघडी पोरे. निम्मी माझ्याच वर्गातली. मी मास्तर पडलो! दारातच उभा राहून त्यांना मान्सूनचे वारे, बंगालचा उपसागर, कमी दाबाचा पट्टा असे सारे समजावू लागलो. पोरे माना खाली घालून ऐकत होती आणि बेडूक उन्हात तडफडत होता. तेवढ्यात शेजारची आजी लोटा घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, पोथी मंग वाचजा. तो जीव तहानला हाय, पयले पानी टाका."

मी ओशाळलो. काठीवर पाणी ओतले. त्या दिवसापासून मात्र या बेडकाने माझा पाठपुरावा केला.

शोधू लागलो, तर बेडूक सरळ ऋग्वेदात जाऊन पोहोचला. सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त बेडकांचे आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे मौन धरलेले बेडूक पर्जन्याच्या स्पर्शाने बोलू लागतात, असे ऋषीने त्यात म्हटले आहे. पाहणी अचूक आहे. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत दडी मारतात आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतात. पावसाची वर्दी देणारा तो पावसाचा सोयरा, असे जुन्या माणसाने मानले, तर त्यात नवल काय?

पुढे जेम्स फ्रेझर या स्कॉटिश पंडिताचा 'गोल्डन बाऊ' हा ग्रंथ हाती आला. १८९० साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि पुढे तो वाढत गेला. जगभरच्या पर्जन्यविधींच्या गर्दीत जुन्या मध्यप्रांतातली, कडुनिंबाच्या पाल्यातल्या बेडकाची काठी दिसली, तेव्हा परक्या गावी आपल्या वाडीचा माणूस भेटावा तसे झाले.

आणि सोयरे तरी किती दूरचे! युरोपात बाल्कन प्रदेशात अवर्षण पडले की एका मुलीला पानाफांद्यांनी मढवून घरोघर नेत. बायका तिच्यावर पाणी ओतत. सर्बियात तिला डोडोला म्हणत. धोंडी आणि डोडोला या नावांचे नाते जोडायचा मोह होतो; पण आवाजाच्या सारखेपणावरून सोयरीक जुळवू नये. मेक्सिकोच्या युकातान भागात चाक हा माया लोकांचा पर्जन्यदेव. त्याच्या विधीत वेदीच्या चार कोपऱ्यांना मुले बसवतात आणि ती बेडकांसारखी ओरडतात. तिथे मुलेच बेडूक होतात!

पण पाऊस मागण्याची किंमत दरवेळी तांब्याभर पाणी नसे. आझ्टेक लोकांचा पर्जन्यदेव त्लालोक. मेक्सिको शहरात १९७८ नंतर त्यांच्या महामंदिराचे मोठे उत्खनन झाले, तेव्हा त्याच्यासाठी बळी दिलेल्या चाळीसहून अधिक मुलांचे अवशेष सापडले. हे वाचले त्या रात्री मला वर्गातली हजेरी आठवत राहिली. संकट आले की माणूस सर्वांत दुबळ्या जिवाला पुढे करतो. आमच्याकडे तो बेडूक असतो, इतकेच.

गोंड बांधवांचा पर्जन्यदेव भीमाल, कुठे भिवसन. पांडवांतला भीम तो हाच, असे काही म्हणतात. इतरांच्या मते तो गोंडांचा स्वतःचाच प्राचीन देव. पुष्कळदा त्याला मूर्तीही नसते. अनघड दगड किंवा लाकडाचा खांब पुरतो.

याच गोंडांचे राजे चांद्याला नांदले. १७५१ साली ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांच्यातल्या हीरशहाची एक कथा परंपरेने चालत आली आहे. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन इनाम, असे त्याने जाहीर केले म्हणे. राजा देवाला भजत असेलच. पण देवाने दिलेले पाणी ठेवायचे कुठे, याचाही विचार त्याने केला. पुढे मालगुजारांनीही तलाव राखले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. मामा म्हटले की लाड आठवतात. या मामांच्या वाट्याला बहुधा गाळच आला.

हे मला ग्रंथांनी नंतर सांगितले. बेडकाने त्याच संध्याकाळी दाखवले होते. पोरांना घेऊन मी त्याला तलावात सोडायला गेलो. पाळीवरून खाली उतरलो, तर पायाखाली भेगाळलेली जमीन. ओल शोधत आम्ही पार तलावाच्या मध्यापर्यंत चालत गेलो. तिथे थोडा चिखल होता. पोरांनी पाला सोडला. बेडूक क्षणभर बसून राहिला, मग चिखलात शिरला.

पाऊस चार दिवसांनी आला. पोरे म्हणाली, धोंडीने आणला. मी म्हणालो, वाऱ्याने. आजी काहीच म्हणाली नाही. ती पाळीकडे पाहत होती. तिथल्या एका खिंडारातून ते सगळे पाणी नाल्याला निघून चालले होते.