दिनविशेष : १३ जानेवारी – यिडिश रंगभूमीचा लिअर

यिडिश नट सोलोमन मिखोएल्स यांचा मृतदेह १३ जानेवारी १९४८ रोजी सकाळी मिन्स्कमध्ये बर्फात सापडला. सोव्हिएत सरकारने अपघात जाहीर केला, मॉस्कोत इतमामाने अंत्यसंस्कारही केले. प्रत्यक्षात तो स्टालिनच्या हुकमावरून झालेला खून होता.

१८९० मध्ये द्विन्स्कला (आजच्या लाटव्हियात) जन्मलेले मिखोएल्स कायद्याचा अभ्यास सोडून नाटकाकडे वळले आणि १९२९ पासून मॉस्कोच्या सरकारी यिडिश नाट्यगृहाचे प्रमुख झाले. त्यांचा १९३५ चा ‘किंग लिअर’ मात्र डोळ्यांपुढे आणावा असाच. दाढीची झूल नाही, उंचीचा दरारा नाही. राज्य वाटून टाकल्यावर हात सवयीने डोक्याकडे जाई आणि तिथे नसलेला मुकुट चाचपू लागे. नाट्यदिग्दर्शक गॉर्डन क्रेग हा प्रयोग पाहून भारावून गेले होते. एका राजाचे सारे हरपणे बोटांतून दाखवणारा असा नट विरळाच!

‘ज्यूइश लक’ (१९२५) या मूकपटात ते मुख्य भूमिकेत होते. ‘सर्कस’मध्ये (१९३६) त्यांनी अंगाईचे एक कडवे यिडिशमध्ये गायिले, त्यांच्या मृत्यूनंतर ते चित्रपटातून कापण्यात आले.

१९४९ मध्ये नाट्यगृहही बंद पडले. त्यांच्या लिअरसोबत विदूषक रंगवणारे बेन्यामिन झुस्किन यांना १२ ऑगस्ट १९५२ रोजी गोळ्या घालण्यात आल्या.