धोकटी, वर्ग आणि निदेशक

कोणत्याही व्यवसायाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा कारागिराकडे पाहतो. त्याला शिकवणाऱ्याकडे पाहत नाही. केस आणि त्वचा यांची निगा राखण्याचा व्यवसायही याला अपवाद नाही. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात हा विषय 'कॉस्मेटॉलॉजी' या नावाने आहे, आणि तेथे शिकवणाऱ्याला 'शिल्प निदेशक' म्हणतात. हा निदेशक कोणत्या परंपरेचा वारस आहे, हा प्रश्न मराठवाड्याच्या संदर्भात विशेष विचारण्याजोगा आहे.

नांदेड-लातूरकडे खेड्यापाड्यांत नाभिकाला 'वारीक' म्हणतात. संत सेना महाराजांनी हाच शब्द स्वतःसाठी वापरला; आरशाला विवेकाचे आणि चिमट्याला वैराग्याचे रूप देऊन हातातल्या हत्यारांनाच परमार्थाची भाषा दिली. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांमध्ये न्हावी आहे. मेहनताना खळ्यावरच्या धान्याचा, शाळा म्हणजे घर आणि गुरू म्हणजे बाप. धोकटी, वस्तरा, नराणी हे शब्द मुलगा हत्याराबरोबरच शिके.

या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते, पण त्याची उणीव ती नव्हे. उणीव ही की, वस्तरा कोणाच्या डोक्याला लागावा आणि कोणाच्या लागू नये, हे कारागीर ठरवत नसे, गाव ठरवी. दलितांचे केस कापायचे नाहीत आणि उच्चवर्णीय विधवेचे मात्र तिच्या इच्छेविरुद्धही काढायचे, हा त्या व्यवस्थेचा दंडक होता. बापाकडून मुलाकडे कसब येई, तसा हा दंडकही येई.

तो मोडण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईत झाला. १८९० मध्ये 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. समाजसुधारणेच्या इतिहासात या घटनेची नोंद होते. व्यवसायशिक्षणाच्या इतिहासात होत नाही. वास्तविक 'हे काम मला येते, पण मी ते करणार नाही' असे म्हणता येणे, हा कोणत्याही व्यवसायाच्या प्रौढत्वाचा पहिला धडा होय.

पुढे शिक्षणाची जागा बदलली. १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी देशात शिल्प निदेशकांना प्रशिक्षण देणारी पहिली संस्था स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, पण अर्थ जुळतो: जन्माने मिळणारे कसब आता अर्ज करून मिळू लागणार होते. पुढे स्त्रियांच्या व्यवसायशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाल्या. कोणत्याही जातीच्या मुलीला कातर हाती धरता यावी आणि तिनेच पुढे निदेशक व्हावे, हे परिवर्तन लहान नाही. निदेशकाच्या प्रशिक्षणात आता विषयज्ञानाबरोबर अध्यापनपद्धतीही आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याचीही तरतूद झाली. म्हणजे धोकटीवाल्यालाही कागद मिळू शकतो.

तथापि प्रमाणपत्र मिळणे वेगळे आणि वर्गात स्थान मिळणे वेगळे. पाठ्यक्रमाची परिभाषा इंग्रजीतून येते आणि 'नराणी' हा शब्द कोशापुरता उरतो. शब्द गेला म्हणून हळहळणे हा साहित्याच्या अभ्यासकाचा नेहमीचा उद्योग आहे, आणि तेवढ्यावर थांबणे सोयीचेही आहे. कारण त्या शब्दांबरोबर जातीचा दंडकही होता. तो गेलाच पाहिजे. प्रश्न असा की, दंडकाबरोबर त्याला दिलेल्या नकाराची आठवणही आपण का जाऊ द्यावी?

निदेशकांच्या उजळणी-वर्गात नवी रसायने, नवी यंत्रे, स्वच्छतेचे नियम हे विषय असावेतच. त्यांच्या शेजारी एक तासिका सेना महाराजांच्या अभंगांना आणि एक १८९०च्या त्या निर्धाराला मिळाली, तर ती शिकवायला मराठीच्या प्राध्यापकांनी जावे. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात संतसाहित्य आहे, सत्यशोधकी वाङ्मय आहे; परंतु ज्यांच्या हातांनी ते घडले, त्यांच्या व्यवसायाच्या वर्गापर्यंत आपण ते नेलेले नाही. गोरेपणाचे आश्वासन देणारे मलम समोर आले असता ते लावावे की नाकारावे, हे ठरवताना आजच्या निदेशिकेला हा वारसा उपयोगी पडेल. नकार देण्याची परंपरा तिच्या व्यवसायात शतकाहून जुनी आहे, एवढे तरी तिला ठाऊक असावे.