हेलेनस स्कॉट आणि पुण्याचा वीटकर

खांबसारख्या गावी स्कॉटलंडच्या वैद्याची कथा कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, त्या कथेत कात आहे आणि विटा आहेत. या दोहोंची ओळख आमच्या रोहा-पेणच्या माणसास करून द्यावी लागत नाही.

हेलेनस स्कॉट एडिंबरोत वैद्यक शिकला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईस आला आणि १८१० पर्यंत येथे राहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना तो पत्रे लिही: येथे कापड कसे रंगवितात, मोतीबिंदू कसा उतरवितात, तुटलेले नाक कसे बसवितात. येथील पोलादाचे नमुनेही त्याने पाठविले. त्यांची परीक्षा १७९५ साली तिकडे छापून निघाली.

नाकाची हकीकत मुळातून पाहण्याजोगी आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकी. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटला गेला. लढाई राजांची, नाक बैलवाल्याचे! वर्षभराने पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतला, तो कपाळावर ठेवून रेघ मारली, तेवढी कातडी सोलली. मात्र दोन्ही डोळ्यांमधली पट्टी शाबूत ठेवली. रक्त वाहते राहावे म्हणून ही युक्ती. मग कातडी उलटी फिरवून खाली बसविली. वर पाण्यात कालविलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेली फडकी, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून टाकली. कातावरूनच आमच्या कातकऱ्यांचे नाव पडले. आज तेच वीटभट्ट्यांवर राबतात.

ही शस्त्रक्रिया मुंबईच्या दोघा इंग्रज शल्यवैद्यांनी उभे राहून पाहिली. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती चित्रासह आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व पुढे त्यावर पुस्तक लिहिले.

स्कॉटचे दुसरे मोठे काम देवीच्या लसीचे. ही लस बगदाद-बसऱ्याहून, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी, मुंबईस पोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्याच दंडावरचा द्रव पुढे इतर मुलांना टोचला गेला. लेकरू रडले असेल, त्याची नोंद कोण ठेवतो! तरी तिचे नाव टिकले, हे विशेष.

स्कॉट १८२१ साली ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर समुद्रात वारला. त्याची पत्रे जपून ठेवली आहेत. कावसजीचे नाव आहे, चित्रही आहे. वीटकराची मात्र जात तेवढी लिहिली आहे. हजेरीपटावर नाव नसलेला कामगार आम्ही पुष्कळ पाहिला; हा त्यांतलाच.