मका, हवा आणि अवर्षण

कर्बाम्ल वायू हे वनस्पतींचे अन्न होय, हे आम्ही शाळेतच शिकलो. तेव्हा हवेत तो वाढला तर पिकांची चंगळच होईल, असा तर्क कोणीही करील. मक्याच्या बाबतीत हा तर्क कसा ढासळला, तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ साली या वायूची नियमित मोजणी सुरू झाली. त्या वेळी हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी उसाच्या पानातील एक खुबी उलगडून दाखविली. मक्यातही तीच आहे. ही पिके हवेतील विरळ वायू ओढून पानाच्या आतल्या पेशींत दाट करून ठेवतात. ज्याची कणगी आधीच भरलेली, त्याला आणखी धान्य देऊन काय लाभ? २००४ साली अमेरिकेतील इलिनॉय येथे उघड्या शेतात वायूचे प्रमाण ५५० भागांपर्यंत वाढवून मका घेतला. त्या हंगामात पाण्याचा ताण नव्हता, आणि उत्पन्न वाढले नाही. पर्णरंध्रे आकसल्याने पाणी मात्र वाचले. अवर्षणात ही बचत कामी येईल, एवढा दिलासा उरला.

पुढे २०१४ व २०१६ साली अमेरिकी कृषिखात्याच्या संशोधकांनी दुसरी बाजू पुढे आणली. दुप्पट वायूत वाढलेल्या मक्याच्या खोडात त्यांनी फ्युसेरियम ही बुरशी टोचली. झाडाने संरक्षक द्रव्ये कमी तयार केली आणि बुरशी फोफावली. जोडीला अवर्षण येताच ती आणखी माजली, आणि फ्युमोनिसिन हे तिचे विषही वाढले. मुळांची संरक्षक द्रव्ये कमी झाली नाहीत; खोड मात्र उघडे पडले. कोठार भरलेले, पण दारावर पहारेकरी नाही, अशी ही अवस्था!

असले विष शेवटी कोणाच्या पानात पडते? १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवर्षणामागून अवकाळी पाऊस आला आणि मका बुरसला. तेथील बुरशी निराळी, विषही अफ्लाटॉक्सिनचे. पण तो मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ती बहुतेक गरीब आदिवासी होती. मका हेच त्यांचे मुख्य अन्न होते.

म्हणून आम्हांस वाटते, खळ्यावरची रास किती मोठी हे पाहून भागणार नाही. तिच्यातला दाणा निरोगी आहे काय, हेही पाहिले पाहिजे.